गोड पाण्याचा बुधला

भोनखेडात पाहुण्याला आधी पाणी मिळत नसे, आधी खुलासा मिळे. "खारं हाय बरं," असं सांगूनच तांब्या पुढे व्हायचा. उत्तरेला सातपुडा डोळ्यांना दिसायचा आणि त्याच्या पायथ्याच्या विहिरी गोड होत्या, पण चार कोस खाली उतरलं की सगळा खारपाणपट्टा. विहीर कितीही खोल खणा, आडातच खारं तर पोहऱ्यात गोड कुठून येणार? डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, आणि पायथ्याकडची पोरगी सून होऊन आली की पहिले सहा महिने सासूपायी नव्हे, पाण्यापायी रडायची. ज्यांची बैलगाडी होती ते आठवड्यातून एकदा वरच्या गावांहून गोड पाणी आणीत आणि तुपासारखं जपून वापरीत.

अशा गावातल्या सरकारी दवाखान्यात, औषधं करायच्या खोलीत, वेताच्या टोपलीत बसवलेला काचेचा एक मोठा बुधला होता आणि त्यात डिस्टिल्ड पाणी होतं. दर महिन्याला एक बुधला मोटारीने यायचा. पूर्वी असं पाणी वाफेतून काढायला दवाखान्याचा स्वतःचा तांब्याचा भबका होता, पण तो गळायला लागला म्हणून दुरुस्तीला पाठवला, त्याला दोन वर्षं झाली. दुरुस्तीला गेलेली सरकारी वस्तू आणि काशीला गेलेला म्हातारा, दोघांची वाट कोणी फार पाहत नाही.

या बुधल्याचा धनी म्हणजे शालिग्राम कंपाउंडर. वय चाळीस, अंगाने काटकुळा, आणि उजव्या हाताची दोन बोटं कायमची काळी. गावाला वाटायचं, हा माणूस विड्या फार ओढतो. बिचाऱ्याने जन्मात विडी ओढली नव्हती. पोरांच्या डोळ्यांत टाकायचं चांदीचं औषध, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, तो स्वतः करायचा आणि त्याचे डाग जन्माचे. त्याच्या फळ्यांवर औषधांच्या दोनच जाती होत्या, एक आंबट आणि एक खारी. खालच्या फळीवर काचेच्या बुचांची ॲसिडं, वरच्या फळीवर सोडा आणि चुन्याची निवळी. पोट मंद असलं तर पाण्यात ॲसिडचे दहा थेंब, पोट जळत असलं तर सोडा. दोन्ही जातींच्या मधे होतं पाणी, आणि शालिग्रामचा सगळा अहंकार त्या पाण्यावर. कंपाउंडर औषधात पाणी घालतो असं कोणी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. तो म्हणे, पाणी हेच पहिलं औषध, बाकीची त्यात पोहतात.

नवा बुधला आला की तो तपासायचा. काचेच्या नळीत घोटभर पाणी घ्यायचं, त्यात नायट्रिक ॲसिडचा एक थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन. पाणी निर्मळ असलं तर काहीच होत नाही. मिठाचा अंश असला की धुकं, जास्त असला की सरळ दूध. तपासून झालं की तो बुधल्यावर कागदाची पट्टी चिकटवायचा आणि पाणी वापरलं की त्या पट्टीवर पाण्याच्या पातळीशी तारखेची रेघ मारायचा. मग मात्र महिनाभर पुन्हा तपासणी नाही. एकदा कसाला लावलेलं सोनं रोज कोण घासतं? असं त्याचं म्हणणं होतं आणि ते चुकीचं होतं.

चौसष्ट सालच्या मे महिन्यात हगवण-उलटीची साथ आली. डॉक्टर सव्वीस-सत्तावीस वर्षांचे, पुण्याकडचे, भोनखेडात येऊन त्यांना चार महिने झालेले. वऱ्हाडी बोली त्यांना अर्धीच कळायची, पण हैजा पुरता कळायचा. वरून सलाइनच्या बाटल्या आल्या होत्या त्या आठवड्यात संपल्या, तेव्हा डॉक्टरांनी शालिग्रामला विचारलं की, इथे करता येईल का? शालिग्राम म्हणाला, पाणी निर्मळ असलं तर सलाइन म्हणजे काय, मीठ आणि सोडा. आठ दिवसांत त्याने दोन बाटल्या केल्याही होत्या. दोन्ही रोगी घरी गेले. एकाला मधे थंडी वाजून आली होती, पण तो दणकट गडी होता, निभावला आणि ती गोष्ट सगळे विसरले.

शनिवारी सकाळी नऊला तुळशीराम माळ्याची गाडी दवाखान्याच्या आवारात आली. गाडीत त्याची बायको वच्छला होती. पहाटेपासून पंचवीस वेळा गेली होती, डोळे खोबणीत उतरलेले, बोटांची कातडी धोबिणीसारखी सुरकुतलेली. घरी तीन महिन्यांचं पोर होतं, ते याच दवाखान्यात झालेलं. डॉक्टरांनी मनगट धरलं, सोडलं, कोपराशी धरलं आणि शालिग्रामकडे बघून फक्त एक बोट वर केलं. एक बाटली, ताबडतोब.

शालिग्रामचे हात सरावलेले होते. बुधल्यातून पाणी, पुडीतलं मोजलेलं मीठ, गाळणं, दाबाच्या भांड्यात उकळणं. सोडा मात्र शेवटी, भांडं खाली उतरवल्यावर, कारण उकळत्यात टाकला तर खायच्या सोड्याचा धुण्याचा सोडा होतो आणि शीर जळते. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून त्याने पळत नेली. डॉक्टरांना तिसऱ्या टोचणीला शीर सापडली आणि थेंब पडायला लागले. तुळशीराम भिंतीशी उकिडवा बसला होता. तो हळूच म्हणाला,

"साहेब, तिले इथलं गोड पाणी पाजा ना थोडं. बाळंतपणात पेली व्हती. तवापासून आठोन काढते."

शालिग्रामला त्याची कीव आली. दुःखाने माणूस काहीही बोलतो. दवाखान्याची विहीर इतकी खारी होती की तिच्या काठचा लिंबसुद्धा खुरटला होता. इथे कुठलं गोड पाणी? तो दुसऱ्या बाटलीच्या तयारीला आत गेला.

बुधला उचलायला तो वाकला आणि त्याची नजर पट्टीवर पडली. परवाच्या सलाइनची रेघ त्याने स्वतः मारली होती. पाणी त्या रेघेच्या खाली असायला हवं होतं, आणि आत्ताच त्यातून एक बाटली भरल्यावर तर आणखी खाली. पाणी रेघेच्या दोन बोटं वर होतं. वापरलं की कमी होतं, एवढं गणित बिगरीतल्या पोरालाही येतं. या बुधल्यातलं पाणी वापरून वाढलं होतं.

त्याने नळी घेतली. घाईत ॲसिडचे एकाऐवजी दोन थेंब पडले. मग सिल्व्हर नायट्रेट. पहिला थेंब खाली उतरला आणि त्याच्या मागोमाग पांढरा धूर उतरावा तसं झालं. दुसऱ्या थेंबाला नळी दुधाने भरली.

शालिग्रामला एकदम बरंच काही आठवलं. मागच्या महिन्यात डोळ्यांचं औषध गढूळ झालं होतं आणि त्याने रागारागाने वर पत्र धाडलं होतं की, तुमची चांदी खोटी आहे. तो दणकट गडी थंडीने कुडकुडला होता. आणि तुळशीराम म्हणत होता, इथलं गोड पाणी. बाहेरून डॉक्टरांचा आवाज आला. गोधडी आणा म्हणत होते. मे महिन्यात, सकाळी साडेदहा वाजता, वच्छला थंडीने थडथडत होती.

टांगलेल्या बाटलीत अजून तिसरा हिस्सा शिल्लक होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी शालिग्रामच्या मनात पाप आलं. सलाइनने कधी कधी थंडी भरतेच, डॉक्टरही तेच समजले असते. नळीतलं दूध मोरीत ओतलं असतं तर जगात कोणाला कळलं नसतं. अठरा वर्षांत त्याच्या नावावर काळा डाग नव्हता, होते ते बोटांवर. पण दुसरी बाटली कशाने भरायची, हा प्रश्न मोरीत ओतता येत नव्हता.

तो बाहेर आला आणि कोणाला न विचारता त्याने सलाइनच्या नळीचा चिमटा आवळला. थेंब थांबले.

"काय करताय?" डॉक्टर ओरडले नाहीत, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"साहेब, पाणी खराब हाय. माह्या बुधल्यातलं. विहिरीचं पाणी मिसळलं त्यात. म्या आज तपासलं नाही."

डॉक्टरांनी चिमटा नीट आवळलाय ना, ते पाहिलं. मग ते एकेक शब्द तोडून बोलले. मिठाचं एक वेळ सोडा, पण विहिरीच्या पाण्यात जे काही जगतं ते उकळून मेलं तरी पाण्यातच राहतं, आणि ते मेलेलंसुद्धा रक्तात गेलं की असा थंडीताप चढवतं. आता हिच्या अंगात पाणी नाही म्हणून रक्त आंबत चाललंय, म्हणून तिचा श्वास असा लांब लांब चाललाय. पाणी आणि सोडा गेलाच पाहिजे, आणि हे पाणी तर जाताच कामा नये. एवढं बोलून त्यांनी विचारलं की, बुधल्यात विहिरीचं पाणी घातलं कोणी?

दारात सुभद्राबाई उभी होती, हातात राखेचं घमेलं. दवाखान्याची दाई, पंचावन्न वर्षांची, गळ्यात तुळशीची माळ, आणि आसपासच्या सात गावांतली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली.

"म्या टाकलं," ती म्हणाली. चोरी पकडली गेल्यासारखं नव्हे, कोणी वेळ विचारली तर सांगावी तसं.

तिचं म्हणणं सरळ होतं. अडलेल्या बाईच्या घशाखाली खारं पाणी उतरत नाही, उलटून पडतं. आणि आतल्या खोलीत बुधलाभर गोड पाणी नुसतं पडून. म्हणून ती प्रत्येक बाळंतिणीला त्यातलं एक गिलास द्यायची. पण खारपाणपट्ट्यात कोणाच्या रांजणातलं घेतलं तर तो उणा ठेवून जात नाहीत, मापाला माप घालून ठेवतात. उणा ठेवला तर ती चोरी, भरून ठेवला तर ती उसनवारी. म्हणून ती गिलासाला गिलास विहिरीचं पाणी भरून ठेवायची, तेही जसंतसं नाही, उकळून, चौपदरी फडक्यातून गाळून. हाताचं माप, एखाद्या वेळी दोन घोट जास्तच पडायचे, आणि काल तर बुधला फार उतरलेला दिसला म्हणून, आपलंच देणं राहिलं असेल असं वाटून, तिने चार तांबे ओतले होते. या उन्हाळ्यात तर बाळंतपणंही पुष्कळ झाली. वच्छला पायथ्याकडची लेक, तिला तर तिने पोटभर दिलं होतं.

शालिग्रामला तिच्यावर ओरडायचं होतं. त्याऐवजी त्याने आत जाऊन नळी आणली आणि तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"हे पाह्य, सुभद्रामाय."

"दूध कायचं हे?"

"तुह्या उसनवारीचं. हे वच्छलेच्या अंगात गेलं."

सुभद्राबाईने गोधडीखाली थडथडणाऱ्या पोरीकडे पाहिलं, मग नळीकडे. घमेलं तिच्या हातून सुटलं आणि राख सगळ्या ओसरीवर पसरली. ती तिथेच राखेत बसली.

रडायला वेळ नव्हता. घरोघरचं गाडीचं गोड पाणीही शेवटी विहिरीचंच, ते चालणार नव्हतं. सलाइन आणायला खामगावला माणूस धाडला तरी मोटार जाऊन यायला संध्याकाळ. डॉक्टरांनी तुळशीरामला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं की, संध्याकाळपर्यंत ही राहत नाही. शालिग्राम स्वतःशीच पुटपुटला की, भबका असता तर तासाभरात काढलं असतं. तेव्हा राखेतून आवाज आला,

"भबका म्हंजे, मोहाची काढतात तसा काय?"

सगळ्यांनी तिच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं.

"पाहू नोका असे. म्या पेली नाही कधी. माह्या मायेरी काढत, ते पाह्यलं हाय," सुभद्राबाई म्हणाली आणि पदर खोचून उठली. "पाणी उकळाले गंज लागते, कढई लागते, कणीक लागते. आग मोठी लागते."

अर्ध्या तासात दवाखान्याच्या आवारात सहा चुली मांडल्या गेल्या. सुभद्राबाईने हाक मारली आणि बाया आल्या. जिच्या घरची बाळंतपणं तिने केली नव्हती अशी बाई गावात नव्हती. प्रत्येकीने आपला कल्हईचा गंज, म्हणजे उभं पातेलं, आणि लोखंडी कढई आणली. कढया शालिग्रामने बाहेरून राखेने आणि मग ॲसिडच्या पाण्याने घासून घेतल्या. गंजात निम्म्याला विहिरीचं पाणी, मधे धुतलेल्या दगडावर दवाखान्याचं पांढरं चिनी वाडगं, वर गोल बुडाची कढई आणि तिच्यात थंड पाणी. कडेला कणकेचा लेप. वाफ वर जाणार, कढईच्या बुडाला लागून गार होणार, बुडाच्या टोकाशी जमून थेंबथेंब वाडग्यात पडणार. तुळशीरामने कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे भारे ओढून आणले. कोणाच्या ढिगातले, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

वर मे महिन्याचं ऊन, खाली पऱ्हाट्यांची आग. कढईतलं पाणी पाच मिनिटांत कढत व्हायचं आणि कढई तापली की वाफ गार होईना, म्हणून ते सारखं उपसून बदलावं लागे. त्यातलाही एक थेंब फटीतून आत गेला तर वाडगं बाद. बाया हात भाजून घेत होत्या आणि शालिग्राम सहा चुलींमधून हातात नळी घेऊन फिरत होता. त्याच्याकडे सिल्व्हर नायट्रेट फक्त तळाशी उरलेलं, वीस-पंचवीस थेंब. एका वाडग्याला दोन. तो मनात मोजत होता.

पहिलं वाडगं निघालं ते कौशल्याबाईचं, काठोकाठ. तिचा चेहरा लाल झाला होता, पण अभिमानाने फुललेला. शालिग्रामने नळीत घोटभर घेतलं, ॲसिड टाकलं, चांदीचे दोन थेंब टाकले. दूध. गंज तिने गळ्यापर्यंत भरला होता, पाणी उकळून उडालं ते थेट वाडग्यात पडलं होतं. शालिग्रामने वाडगं मातीत उपडं केलं.

"एवढी आग झेलली म्या," कौशल्याबाई कापऱ्या आवाजात म्हणाली, "अन् ओतून देल्लं?"

"मावशी, ते तिच्या रक्तात गेलं असतं."

कौशल्याबाईने डोळे पुसले, गंज निम्मा रिकामा केला आणि पुन्हा कणीक लावायला बसली. त्यानंतर कोणी तक्रार केली नाही. दुसऱ्या चुलीचं वाडगं धुकट निघालं, तेही मातीत गेलं. तिसरी चूल सुभद्राबाईची होती.

तिने वाडगं पदराने धरून आणलं आणि शालिग्रामसमोर धरलं. शालिग्रामने ॲसिड टाकलं. चांदीचा पहिला थेंब पडला. काही नाही. दुसरा पडला. त्याने नळी आभाळाकडे धरली, आपल्या काळ्या बोटामागे धरली, पुन्हा आभाळाकडे धरली. नळीत काहीच नव्हतं, नुसतं पाणी. त्याला इतकं निर्मळ काही आजवर दिसलं नव्हतं.

"भर," तो म्हणाला.

डॉक्टर दर थोड्या वेळाने दारात येत आणि भुवया उंचावत. शालिग्राम सांगे, पाव. मग सांगे, अर्धी. डॉक्टर आत जात. एकदा ते दारात आले आणि भुवया न उंचावताच परत गेले, तेव्हा तुळशीरामने पऱ्हाट्यांचा भारा खाली टाकला आणि तोंडावर उपरणं धरलं. घरी सासूने देव पाण्यात घातले होते म्हणे. भोनखेडात देवांनाही खाऱ्या पाण्यातच बसावं लागतं, पण ते ऐकत असावेत अशी त्या घडीला सगळ्यांचीच इच्छा होती.

साडेबाराच्या सुमारास एक बाटली भरली. मीठ, गाळणं, दाबाचं भांडं. ती वीस मिनिटं शालिग्रामच्या आयुष्यातली सगळ्यांत लांब वीस मिनिटं. सोडा टाकला. बाटली गार व्हायला ओल्या फडक्यात गुंडाळली आणि फडक्यावर दोन बाया सुपाने वारा घालत राहिल्या. मग डॉक्टरांनी ती टांगली आणि चिमटा सोडला.

आता थंडी भरली तर संपलं. मघाशी ती अर्ध्या तासात भरली होती. शालिग्रामने बाटलीकडे पाहिलंच नाही. तो वच्छलेच्या पायांवरच्या गोधडीची कड पाहत उभा राहिला, कारण थंडी भरली तर सगळ्यांत आधी ती कड हलली असती. बाहेर चुलींचा आवाज येत होता, सुभद्राबाई बायांना दुसऱ्या बाटलीसाठी ओरडत होती. दहा मिनिटं गेली. वीस गेली. एकदा कडेवर काही हललं आणि शालिग्राम पुढे झाला, पण ती माशी होती. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. डॉक्टरांनी मनगट धरलं आणि या वेळी ते कोपराकडे सरकले नाहीत.

"लागतेय," ते म्हणाले. "बारीक, पण लागतेय."

शालिग्राम मागच्या दारी गेला, भिंतीकडे तोंड केलं आणि मनसोक्त रडला. मग तोंड धुऊन दुसऱ्या बाटलीला लागला.

दुपारभर चुली पेटत्या राहिल्या. दुसरी गेली, तिसरी गेली. चांदीचे थेंब चौथ्या बाटलीला संपले, तोवर सगळ्या चुलींना निर्मळ पाणी काढायचा हात बसला होता. पाचच्या सुमारास वच्छलेला लघवी झाली, म्हणजे अंगात पाणी ठरलं, आणि पुण्याकडचे डॉक्टर त्या बातमीने लहान पोरासारखे हसले. बायांना वाटलं, याला उन्हाचा झटका आला.

उन्हं कलली तेव्हा वच्छलेने डोळे उघडले. ओठ हलले.

"पाणी."

डॉक्टर म्हणाले, घोट घोट द्या. सुभद्राबाई उठली. आतल्या खोलीत टेबलावर एक वाडगं उरलं होतं, वाफेचं, गार झालेलं, झाकलेलं. उरलेलंच होतं, आणि गोड. शालिग्राम ओसरीवर होता. त्याला तिची पावलं आत गेलेली ऐकू आली आणि टेबलापाशी थांबलेली ऐकू आली. बोलायचा त्याला धीर झाला नाही. पावलं बराच वेळ तिथेच राहिली. मग माठावरचं झाकण वाजलं.

सुभद्राबाई बाहेर आली ती माठातलं, विहिरीचं, उकळून ठेवलेलं पाणी गिलासात घेऊन. तिने वच्छलेची मान उचलली आणि गिलास ओठांना लावला. वच्छलेने एक घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"खारं हाय वो, माय," ती म्हणाली.

सकाळपासून त्या तोंडाला कसलीच चव उरली नव्हती. तुळशीराम हसायला लागला आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"हाव, बाई," सुभद्राबाई म्हणाली. "खारंच हाय. पे." आणि तिने पदर तोंडात कोंबला.

डॉक्टरांनी वहीत लिहिलं की, बुधल्यातील पाणी अशुद्ध आढळल्याने ओतून दिले व कंपाउंडर यांनी ते तपासले नव्हते. शालिग्रामने वाचून खाली सही केली. दुसऱ्या कोणाचं नाव त्यात नव्हतं आणि ते कोणी घालायला सांगितलंही नाही. मग तो घरी गेला.

त्याच्या स्वयंपाकघरात मंगळवारच्या गाडीने आलेल्या गोड पाण्याच्या दोन घागरी होत्या. त्याने एक उचलली. बायकोने विचारलं कुठे, त्याने सांगितलं, आणि तिने स्वतःच्या हाताने चुंबळ करून दिली. भोनखेडात पुरुष गाडीने पाणी आणतात, डोक्यावर आणत नाहीत. शालिग्राम कंपाउंडर डोक्यावर घागर घेऊन, एका हाताने ती सावरत, भर बाजारातून निघाला. पानाच्या दुकानाशी कोणी तरी विचारलं की, बायको मायेरी गेली काय? दोघं-चौघं हसले. पाणी हिंदकळून त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरत होतं आणि त्याने मान वळवली नाही.

सुभद्राबाई बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. त्याने घागर खाली उतरवली, तिच्यावर गिलास पालथा घातला आणि श्वास घेतला.

"हे तुह्या बाळंतिणींचं," तो म्हणाला. "दर आठवड्याले आणून देईन. संपली की मले सांग, सुभद्रामाय. भरून ठेवू नोको."